ओलं काय, पिंप की उंदीर?

मराठीत एक कविता अशी आहे की ती न वाचलेल्या माणसाचंही तिच्याबद्दल मत असतं. बा. सी. मर्ढेकरांची उंदरांची कविता. तिला शीर्षक नाही, त्यामुळे लोक तिला पहिल्या ओळीने ओळखतात, आणि बऱ्याच जणांची ओळख पहिल्या ओळीपाशीच संपते. चाळीसच्या दशकाच्या मध्यावर, बडोद्याहून निघणाऱ्या 'अभिरुचि' मासिकात ती छापून आली. तेव्हापासून मराठीत कुणी 'दुर्बोध' हा शब्द उच्चारला की पुरावा म्हणून याच उंदरांना शेपटीला धरून हजर केलं जातं.

कुणी म्हणालं, हे महायुद्धातल्या छळछावण्यांमधले लोक आहेत. कुणी म्हणालं, मुंबईच्या चाळींमधले कामगार. कुणाला त्यात कामवासना दिसली, कुणाला निव्वळ चावटपणा. कवितेच्या अर्थाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की त्यात मी भर घालायची गरज नाही. मला खेचते ती दुसरीच गोष्ट. ही कविता लोकांनी एकत्र बसून कशी वाचली? आणि तशी वाचली तेव्हा काय झालं?

एकत्र वाचणं मराठीला नवं नाही. मर्ढेकरांच्या आधीची पिढी तर कविता एकट्याने वाचायचीच कमी. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश वगैरे मंडळी रविवारी चहाला जमायची आणि एकमेकांना कविता ऐकवायची. पुढे त्यांनी गावोगावी काव्यगायनाचे कार्यक्रम केले. लोक तिथे कविता ऐकायला जायचे, आणि ऐकता ऐकता ती समजायची. १९२५ साली अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये या मंडळींची जी टर उडवली, तीही त्यामुळेच लागू पडली. विडंबन कळायला मूळ गाणं कानात असावं लागतं, आणि ते तेव्हा अनेकांच्या कानात होतं.

मर्ढेकरांचा पहिला संग्रह 'शिशिरागम' १९३९चा. तो याच परंपरेतला, हळवा, कळायला सोपा. दुसरा 'काही कविता' १९४७चा. मधल्या आठ वर्षांत महायुद्ध झालं, बंगालचा दुष्काळ झाला, आणि शिशिरातली पानगळ पाहणारा माणूस गिरण्या, भोंगे आणि उंदरांबद्दल लिहू लागला. सोपं लिहिता येत होतं आणि तरी त्यांनी ते सोडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'याला लिहिताच येत नाही' हा आरोप निदान त्यांच्यावर टिकत नाही.

गंमत म्हणजे हा माणूस १९३८पासून ऑल इंडिया रेडिओत नोकरीला होता. पोटापाण्याचा धंदा आवाजाचा आणि कविता मात्र अशी की ती कागदावर पाहून लोक चक्रावले. रविकिरण मंडळाच्या सभेत कवी समोर असायचा. तो कुठे थांबला, कुठे हसला यावरून अर्धा अर्थ लागायचा. मासिकाच्या पानावर यातलं काहीच नाही. काळी अक्षरं, पांढरं पान, आणि समोर एकटा वाचक.

या एकट्या वाचकाचा बाहेरही विचार चालू होता. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना कवीचं नाव झाकून कविता वाचायला दिल्या आणि त्यांना काय वाटलं ते लिहून मागितलं. 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे त्या प्रयोगाचं पुस्तक १९२९चं. आय.सी.एस. होण्यासाठी मर्ढेकर विलायतेला गेले तेही याच सुमारास. रिचर्ड्सच्या हाती जे आलं ते पाहून कुणीही शिक्षक खचला असता. हुशार, शिकलेली मुलं साध्या अर्थालाच चुकत होती. तिकडे टी. एस. एलियटने १९२२ सालीच 'द वेस्ट लँड' पुस्तकरूपाने छापताना शेवटी टिपा जोडल्या होत्या. पुढे १९५६ सालच्या एका व्याख्यानात त्याने या टिपांबद्दल पस्तावाच व्यक्त केला, कारण लोक कविता सोडून टिपांच्याच मागे लागले. मर्ढेकरांनी टिपा दिल्या नाहीत. मराठी वाचकाला त्या स्वतःच तयार कराव्या लागल्या, अजूनही लागतात.

पण 'काही कविता'चं पहिलं सक्तीचं सामूहिक वाचन कुठल्या साहित्यसभेत झालं नाही. ते कोर्टात झालं. १९४८ साली मुंबई सरकारने या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला आणि १९५२ साली मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. चार वर्षं एका कवितासंग्रहाचा अर्थ ठरवण्याचं काम सरकारी कागदांवर चाललं होतं, आणि कवी स्वतः सरकारच्याच रेडिओत नोकरीला होता. भारतीय दंडविधानाचं कलम २९२ तेव्हा वापरलं जायचं ते १८६८ सालच्या 'हिकलिन' नावाच्या इंग्लिश निवाड्याच्या कसोटीवर. सोप्या शब्दांत ती कसोटी अशी: ज्यांचं मन वाईट गोष्टींना सहज बळी पडेल अशा माणसाच्या हाती हा मजकूर पडला, तर तो बिघडेल का? साहित्य किंवा कला म्हणून मोल असेल तर सूट, ही तरतूद कलमात आली थेट १९६९च्या दुरुस्तीत.

ही कसोटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यातल्या वाचकाचं हसू आलं आणि मग कीवही आली. कायद्याच्या डोळ्यांसमोरचा हा वाचक नेहमी एकटाच असतो. दार लावून, कच्च्या मनाने, शेजारी विचारायला कुणी नाही अशा अवस्थेत तो पुस्तक वाचतो. त्याच्या शेजारी एखादी शहाणी बहीण किंवा आगाऊ मित्र बसलाय, अशी कल्पना कायदा करतच नाही.

आता आमच्याबद्दल. आम्ही सात जण पुण्यात दर शनिवारी एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जमतो. मी आणि माझा एक सहकारी आयटीतले. एक मराठीत एम.ए. करून नेटची तयारी करणारा. एक कॉलेजातली मुलगी. एका हॉस्पिटलात नर्स असलेल्या ताई. एक बँकेतून निवृत्त झालेल्या आजी. आणि एक काका, ज्यांनी आयुष्यभर इलेक्ट्रिक वायरिंगची कामं घेतली. नियम दोनच. कविता आधी मोठ्याने वाचायची, आणि फोन टेबलावर पालथे. दुसरा नियम आला कारण पहिल्याच बैठकीत आम्ही कविता एका चॅटबॉटला घातली होती. त्याने अर्ध्या मिनिटात आधुनिक माणसाचं तुटलेपण, यांत्रिक संस्कृती आणि मूल्यांचा ऱ्हास असा परिच्छेद दिला. तो वाचून झाल्यावर पाच मिनिटं कुणालाच काही बोलायला उरलं नाही. दहावीच्या गाईडातलं रसग्रहण वाचल्यावर व्हायचं तसंच. उत्तरात चूक काहीच नव्हती, फक्त त्यानंतर कवितेकडे परत जायची गरज वाटेना.

उंदरांच्या कवितेची पहिलीच ओळ आमच्याकडे दोन शनिवार चालली. त्या ओळीत एक विशेषण आपल्या नामापासून तुटून भलतीकडे, उंदरांना खेटून बसलंय. सहज वाचलं की वाटतं, ओले आहेत ते उंदीर. आजी म्हणाल्या, "अरे पण प्रत्यय बघा ना. उंदीर ओले असते तर 'ओले' असतं. हे 'ओल्या' आहे, म्हणजे ते पिंपाचं विशेषण." बँकेत चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या खतावण्यांतल्या चुका काढलेल्या बाईच्या नजरेतून हे सुटणार नव्हतं. मग माझ्या सहकाऱ्याने विचारलं की छंद जुळवायला कवीने शब्द पुढेमागे केले असतील का. कवितेत हे सर्रास चालतं.

तेव्हा आम्ही मात्रा मोजल्या. ओळ सोळा मात्रांची निघाली, आठ-आठचे दोन तुकडे, आणि प्रत्येक शब्द नेमका चार मात्रांचा. याला पादाकुलक म्हणतात आणि तो मर्ढेकरांचा आवडता छंद. उंदरातली 'दि' ऱ्हस्व आहे तीही त्यामुळेच, दीर्घ केली तर एक मात्रा जास्त होते. मग ओळ गद्यासारख्या सरळ क्रमाने लावून बघितली, विशेषण पिंपाच्या शेजारी ठेवून. मात्रा पुन्हा सोळाच. टाळीही तशीच पडते.

म्हणजे छंदाची काही अडचण नव्हती. शब्द ओढून नेऊन तिथे ठेवलाय तो मुद्दाम. कान उंदरांना ओलं करतो आणि व्याकरण पिंपाला. मला वाटतं, या कवितेवरच्या गोंधळाचं बीज इथेच, पहिल्या सोळा मात्रांत आहे. हे शोधायला ना युरोपचा इतिहास लागला ना अस्तित्ववाद. एक बँकेतल्या आजी, एक शंका काढणारा मुलगा आणि टेबलावर बोटं वाजवणारे बाकीचे एवढं पुरलं. एकट्याने वाचताना मी ही ओळ कितीतरी वेळा ओलांडून गेलो असेन. एकटा माणूस अडला की पुढे सरकतो. सात जणांत कुणीतरी एक जण सरकायला तयार नसतो, आणि त्याच्यापायी सगळ्यांना थांबावं लागतं.

दुसरा पेच एम.ए.वाल्याने काढला. जुन्या छपाईत पिंपाच्या सप्तमीवर अनुस्वार आहे. आज आपण 'घरांत' लिहिलं तर अनेक घरं, 'घरात' लिहिलं तर एक. पण १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी एकवचनातही तो अनुस्वार लिहायचे, उच्चारात नसला तरी. मग पिंप एक की अनेक? एक असेल तर हे एखाद्या घराच्या मोरीतलं दृश्य आहे. अनेक असतील तर तो कारखाना होतो. छळछावणीचा अर्थ लावणाऱ्यांना अनेक पिंपं हवीत. जुन्या लेखनात हे सुटत नाही, आणि नव्या नियमांनी छापायचं तर छापणाऱ्याला एक बाजू घ्यावीच लागेल.

यावर काका म्हणाले की त्यांच्या लहानपणी मुंबईत पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पाण्याच्या पिंपात बुडवायचे. काठी लागायची नाही, रक्त नाही. १८९६ साली मांडवीला प्लेग फुटला तेव्हापासून उंदीर मारणं हे मुंबईत नगरपालिकेचं रीतसर काम झालं होतं. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हेही याच मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्कं झालं. म्हणजे मर्ढेकरांच्या मुंबईकर वाचकाला मेलेला उंदीर हे प्रतीक वाटण्याआधी ओळखीचं दृश्य वाटलं असणार. आपण ते दृश्य गमावलं आणि मग प्रतीकं शोधत बसलो.

काकांचा खरा दिवस बेकलाइटचा होता. कवितेत हा शब्द मधाच्या पोळ्याच्या शेजारी येतो. कॉलेजातल्या मुलीने हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. मला तो 'जुनं प्लॅस्टिक' एवढाच माहीत होता. लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं आणि १९०९ साली त्याचं पेटंट निघालं (मर्ढेकरांचं जन्मसालही तेच, याचा अर्थ काही नाही, पण मला आवडलं). जुन्या घरातली काळी बटणं, काळा टेलिफोन, रेडिओची पेटी, सगळं बेकलाइटचं. रेडिओतल्या माणसाच्या कवितेत हा शब्द येणं साहजिक आहे. पण काका त्याच्यापुढे गेले. म्हणाले, "मेण वितळतं, परत गोठतं. बेकलाइट एकदा साच्यात तापवून बसवलं की संपलं. ते पुन्हा वितळत नाही. फार तापवलं तर जळतं, पण वितळत नाही."

पोळं मेणाचं असतं. आम्ही सगळे गप्प झालो. कवितेवरचं बरंच लिखाण मी चाळलंय, पण त्या एका शब्दाबद्दल इतकं नेमकं वाक्य मला कुठे भेटलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं छानच चाललं होतं. मग आम्ही संग्रहातल्या दुसऱ्या कवितांकडे गेलो, जिथे स्त्रीचं शरीर कोरड्या, यंत्रासारख्या भाषेत येतं. नर्स ताई दोन कवितांनंतर म्हणाल्या, "मी रोज शरीरं बघते. उघडी, आजारी, मेलेली. मला लाज वगैरे वाटत नाही. पण या कवितांत बाई कुठे आहे? आहेत ते नुसते अवयव."

एम.ए.वाला लगेच म्हणाला, हा उपहास आहे, आणि तो बाईचा नाही, शहराचा आहे. शहराने माणसाचं काय केलं ते कवी दाखवतोय.

"मग शहराचं शरीर दाखवा की," ताई म्हणाल्या. "दर वेळी बाईचंच कशाला?"

आवाज चढले. त्याने १९५२च्या निकालाचा दाखला दिला, विजया राजाध्यक्षांचं नाव घेतलं. 'मर्ढेकरांची कविता' या त्यांच्या अभ्यासाला १९९३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, आणि एका बाईने इतक्या आस्थेने हा कवी वाचलाय हे त्याचं म्हणणं. ताई म्हणाल्या, त्यांनी वाचलाय ना, आता मी वाचतेय. पुढच्या शनिवारी दोघंही आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही चौघंच होतो आणि आता हे बंद पडणार असं मला वाटायला लागलं.

माझं मत ताईंच्या बाजूने झुकतं. कोर्टापुढे प्रश्न वाचकाचा होता, तो बिघडेल का, आणि त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं हे बरंच झालं. पण त्या उत्तराने दुसरा प्रश्नही मिटला असं सगळ्यांनी धरलं. कवी सुटला, सौंदर्यशास्त्रावरच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या पुस्तकाला १९५६ साली, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. त्यानंतर मर्ढेकरांना नाकं मुरडणारा तो संस्कृतिरक्षक, अशी सोपी वाटणी झाली. त्या वाटणीत ताईंना कुठेच जागा नव्हती. त्यांना कवितेवर बंदी नको होती, त्यांना कवितेशी भांडायचं होतं.

आणि भांडायला ती समजावी लागतेच असंही नाही. ग्रेसची कविता मर्ढेकरांपेक्षा कणभरही सोपी नाही, पण हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावली आणि 'महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत म्हणून ती घराघरांत वाजली तेव्हा कुणी दुर्बोध म्हणून टीव्ही बंद केला नाही. माझी आई ते गाणं भाकरी थापताना म्हणते. अर्थ विचारला तर म्हणते, "कळतं रे, सांगता येत नाही." पानावरची कविता न कळल्याचा आपल्याला अपमान वाटतो. गळ्यातली कविता अर्धी कळली तरी चालते. मर्ढेकरांचं दुर्दैव असं की ओवी, अभंग, पादाकुलक असले गळ्यातले छंद वापरूनही ते कायम डोळ्यांनीच वाचले गेले.

गळ्यावर फार भरवसा ठेवावा असंही नाही म्हणा. ज्ञानेश्वरी १२९०ची. ती मुळातच श्रोत्यांपुढचं निरूपण आहे, समोर बसलेल्यांना ज्ञानेश्वर जागोजाग हाक मारतात. पण इतक्या लोकांनी ती वाचली, म्हटली, उतरवली की पाठभेद साचत गेले, आणि १५८४ साली एकनाथांना बसून शुद्ध प्रत तयार करावी लागली. एकत्र वाचणारे लोक ग्रंथ जिवंतही ठेवतात आणि त्यात आपलं काहीबाही घुसडतातही. आमच्या टेबलावर दर शनिवारी हेच होतं, फक्त तीनशे वर्षांऐवजी दोन तासांत.

चौथ्या शनिवारी ताई परत आल्या. एम.ए.वालाही आला, थोडा आखडून बसला. ताईंनी पिशवीतून छापील कागद काढले. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या आता ऐकताही येतात. ताई म्हणाल्या, मर्ढेकरांनीही ओवी लिहिलीय ना, मग दोन्ही ओव्या एकाच दिवशी वाचू. आधी बायकांची.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता आवाज आपोआप चालीवर गेला. काकांनी सवयीने टेबलावर बोटं वाजवत मात्रा मोजायला घेतल्या, दोन ओळींनंतर अडले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

"काका," ताई थांबून म्हणाल्या, "ओवीत मात्रा मोजत नाहीत. अक्षरं असतात, आणि जात्यावर तीही कमीजास्त होतात."

"मग जुळतं कसं?"

"जातं फिरतंय ना," ताई म्हणाल्या आणि पुढची ओवी घेतली.